फोन वर्षांनी मोजा, आणि जुना फोन बहिणीच्या माथी मारू नका

ईद जवळ आली, दिवाळीचा सेल लागला, बारावीचा निकाल लागला किंवा पहिला पगार हातात पडला, की आपल्या घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. फोन कोणता घ्यायचा? बजेट ठरलेलं असतं, दहा ते वीस हजार. त्यात कॅमेरा चांगला हवा, बॅटरी दिवसभर टिकायला हवी, गेम अडकायला नको, फाइव्ह-जी हवं, दिसायलाही बरा हवा. थोडक्यात ‘ऑलराउंडर’. मग आठ दिवस यूट्यूबवर व्हिडिओ बघितले जातात, मित्रांचे सल्ले घेतले जातात आणि शेवटी दुकानदार पुढे सरकवेल तो डबा घरी येतो.

या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारत नाही: हा फोन किती वर्षं चालेल आणि त्या वर्षांत तो कोणाकोणाच्या हातात जाईल?

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न न विचारता घेतलेला स्वस्त फोन स्वस्त नसतो. त्याची उरलेली किंमत दुसरं कोणीतरी भरतं. आणि आपल्या घरांत ते ‘दुसरं कोणीतरी’ बहुतेक वेळा बहीण असते, नाहीतर अम्मी.

घरातला एकुलता एक कॉम्प्युटर

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे, ऑफिसात कॉम्प्युटर आहे, त्यांच्यासाठी फोन बिघडणं ही गैरसोय असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात फोन हाच कॉम्प्युटर आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावरच भरायचा. सीईटीचं प्रवेशपत्र त्यावरच उतरवायचं. कॉलेजच्या नोटिशी व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. डिजिलॉकरमधली मार्कशीट, आधारचा ओटीपी, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, भाजीवाल्याला द्यायचे चाळीस रुपये, सगळं त्याच एका काचेतून जातं. मालेगाव-भिवंडीतला कारागीर पगार आला का ते त्यावर बघतो. मुंब्र्यात घरी बसून शिलाई करणारी बाई गिऱ्हाइकाला ब्लाउजचं डिझाइन त्यावर पाठवते. डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा फोन दुपारी बंद पडला, तर त्याची त्या दिवसाची रोजीच बंद पडते.

अशा वस्तूची निवड मेगापिक्सेलवर करायची? घर भाड्यानं घेताना आपण पाण्याची वेळ विचारतो, गळतं का ते बघतो. फोन घेताना मात्र रंग बघतो.

डब्यावर काय छापतात आणि काय लपवतात

स्वस्त फोनच्या डब्यावर मोठ्या अक्षरात काय असतं ते बघा. ‘५० मेगापिक्सेल एआय कॅमेरा’. ‘८ जीबी रॅम’. ‘५००० एमएएच’. यातली बॅटरी तेवढी सरळ आहे. बाकीच्यांचा हिशेब करू.

रॅम बऱ्याचदा ‘४ अधिक ४’ असते. खरी रॅम ४ जीबी, आणि वरची ४ म्हणजे साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली ‘व्हर्च्युअल’ रॅम. ती खऱ्या रॅमच्या मानानं खूप हळू असते. मागच्या बाजूला तीन भिंगं दिसतात, पण कामाचा कॅमेरा एकच असतो. बाकी एखादं २ मेगापिक्सेलचं भिंग असतं आणि तिसरी गोल काच कधीकधी निव्वळ शोभेची. साठवणूक ‘१२८ जीबी’ एवढंच लिहितात, ती कोणत्या प्रकारची ते लिहीत नाहीत. ईएमएमसी या जुन्या प्रकारची असेल तर वर्षभरात ॲप उघडायला वेळ लागू लागतो. यूएफएस प्रकारची असेल तर तोच फोन जास्त दिवस चपळ राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डब्यावर कुठेच नसते: सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार, ती तारीख.

अपडेट म्हणजे काय, तेही सोप्या भाषेत समजून घेऊ. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी गूगल दर महिन्याला जाहीर करतं. या त्रुटी बुजवणारा अपडेट कंपनीनं आपल्या फोनवर पाठवायचा असतो. कंपनीनं पाठवणं थांबवलं, तर यादी जगाला दिसते आणि आपला फोन उघडाच राहतो. कुलूप बिघडलंय हे साऱ्या गल्लीला कळलंय आणि कुलूप मात्र बदललेलं नाही, अशी ती अवस्था. फोन चालू असतो, फोटो निघतात, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. पुढे कधीतरी बँकेचं ॲप सांगतं, ‘तुमच्या फोनवर हे ॲप चालणार नाही’. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपनं अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनवर काम करणं थांबवलं. फोनमधली काच शाबूत होती, बॅटरी चालत होती. तरी फोन बाद.

याबाबत कंपन्या-कंपन्यांत आणि एकाच कंपनीच्या मॉडेल-मॉडेलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. याच बजेटमध्ये एका फोनला दोन वर्षांचं आश्वासन असतं आणि शेजारच्या फोनला सहा वर्षांचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जीला कंपनीनं सहा वर्षांचे अपडेट जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारांच्या आत आलेल्या गॅलेक्सी एफ०६ फाइव्ह-जीला चार वर्षांचे. मी या फोनची जाहिरात करत नाही. दोघांतही उणिवा आहेत आणि तुम्ही हे वाचाल तोवर नवी मॉडेल आलेली असतील. मुद्दा एवढाच, की कमी किमतीत जास्त वर्षं देणं शक्य आहे. जे देत नाहीत ते परवडत नाही म्हणून नव्हे, आपण मागत नाही म्हणून देत नाहीत.

आता साधा हिशेब. दहा हजारांचा फोन दोन वर्षांत बाद झाला, तर वर्षाला पाच हजार पडले. सोळा हजारांचा फोन पाच वर्षं चालला आणि मध्ये दीड हजाराची बॅटरी बदलली, तरी वर्षाला साडेतीन हजार. महाग कोणता?

जुना फोन कोणाकडे जातो?

आता खरा मुद्दा.

दोन वर्षांनी भाऊ नवा फोन घेतो. जुना कुठे जातो? कोपऱ्यातून तडा गेलेला, दुपारपर्यंत बॅटरी संपणारा, अपडेट थांबलेला तो फोन बहिणीला मिळतो. तिच्याकडून अम्मीला. घरात त्याला प्रेमाचं नाव असतं, ‘तुला कुठे जास्त लागतो?’

जरा आकडे बघू. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधली १४ ते १८ वयाची ग्रामीण मुलं-मुली होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, स्वतः वापरण्यासाठी मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. हे आकडे सगळ्या समाजांचे आहेत. आपलं घर त्यातून वगळलेलं आहे असं समजायचं काही कारण नाही.

ज्यांना फोन मिळतो त्यांना कोणता मिळतो, हे या आकड्यांत दिसत नाही. ते आपल्या घरात दिसतं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी ती. अम्मीच्या खात्यात आलेले पैसे बघणारी ती. धाकट्याच्या शाळेचा ग्रुप सांभाळणारी ती. घरातली सगळ्यात नाजूक कामं सगळ्यात कच्च्या फोनवर चालतात, आणि घरातला सगळ्यात नवा फोन रील बघायला व गेम खेळायला असतो. फसवणुकीचा मेसेज आला, खातं रिकामं झालं, तर बोलणी कोण खातं? तीच. ‘मुलींच्या हातात फोन दिला की असंच होतं’ हे वाक्य तयारच असतं.

या वाक्याला आपण कधी जाब विचारणार? फोनमुळे मुलगी बिघडते म्हणणाऱ्याच्या खिशात स्वतःचा फोन असतोच. फोन वाईट असेल तर दोघांसाठी वाईट. उपयोगी असेल तर दोघांसाठी उपयोगी. मुलीला फोन न देणं म्हणजे तिचं रक्षण नव्हे. तिचा प्रत्येक अर्ज, प्रत्येक ओटीपी, प्रत्येक मुलाखतीचा फोन भावाच्या किंवा अब्बांच्या हातून जाणं म्हणजे तिच्या प्रत्येक निर्णयावर दुसऱ्याची सही लागणं आहे.

म्हणून घरात एक नियम करा. नवा फोन कोणाला हे वयावर किंवा मुलगा-मुलगी बघून ठरवू नका, कामावर ठरवा. ज्याचं शिक्षण, रोजगार किंवा घरचा पैसा ज्या फोनवर चालतो, त्याच्या हातात सगळ्यात सुरक्षित फोन. एका वर्षी तो भाऊ असेल, दुसऱ्या वर्षी बहीण. पण ज्या फोनचे अपडेट थांबलेत, त्यावर घरातल्या कोणाचंही बँक खातं ठेवायचं नाही. तो फोन अजान ॲप, रेडिओ, नाही तर लहानग्याच्या गोष्टींसाठी वापरा.

‘पण आमच्याकडे सोळा हजार नाहीत’

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. ज्याच्याकडे आठच हजार आहेत, त्याला ‘सोळाचा घे’ सांगणं हा सल्ला नाही, टोमणा आहे.

आठ हजारांत तीन वाटा आहेत. पहिली: त्याच किमतीच्या आसपास जे मॉडेल जास्त वर्षांचं आश्वासन देतं ते शोधा, कॅमेरा कमी असला तरी. दुसरी: एक-दीड वर्ष वापरलेला, वरच्या दर्जाचा फोन घ्या, ज्याचे अपडेट अजून तीन-चार वर्षं शिल्लक आहेत. नव्या कच्च्या फोनपेक्षा तो बऱ्याचदा सरस ठरतो. मात्र बिल मागा. *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासा, चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो. स्वस्तात मिळतो म्हणून चोरीचा फोन घेतलात, तर पैसेही जातात आणि पोलीस चौकीही बघावी लागते. तिसरी वाट: चार महिने थांबा. हातातल्या फोनची बॅटरी बदला, साठवण मोकळी करा आणि तोवर पैसे जमवा. थांबण्यात लाज नाही.

दुसरा आक्षेप येतो: ‘गरिबाच्या फोनमध्ये कोण घुसतंय?’ घुसणारा माणूस बघून घुसत नाही. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, बँकेची केवायसी अशा नावांनी एपीके फाइल हजारो जणांना एकाच वेळी जातात. जो उघडेल तो सापडला. अपडेट असला तरी अशी फाइल स्वतःहून टाकून घेणारा वाचत नाही, हे खरं आहे. पण अपडेट नसलेल्या फोनवर चोराचं काम सोपं होतं, आणि ज्याच्या खात्यात सहा हजारच आहेत त्याचे सहा हजार गेले, तर त्याचं सगळंच गेलं.

तिसरा आक्षेप तरुणांचा असतो, आणि तो मला आवडतो: ‘आम्ही काय फक्त कामच करायचं? चांगला कॅमेरा, चांगली स्क्रीन यावर आमचा हक्क नाही?’ जरूर आहे. सुंदर वस्तू आवडणं हा गुन्हा नाही. वडिलांचं वय झालं तरी त्यांच्या ओव्हरटाइमवर आयफोनचा हप्ता फेडणं आणि बहिणीला तडा गेलेला फोन देणं, याला मात्र हौस म्हणत नाहीत. हौस आपल्या पैशानं आणि आपल्या जबाबदारीवर करावी.

‘नो कॉस्ट’चा खर्च

आता त्या हप्त्याकडे वळू. आपल्यातली अनेक घरं व्याज नको म्हणून कर्जापासून लांब राहतात. तीच घरं ‘नो कॉस्ट ईएमआय’ हा शब्द ऐकून निर्धास्त सही करतात. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवलं जातं. आजही बहुतेक योजनांत बँक व्याज लावते, दुकान तेवढी सूट दाखवतं, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व प्रक्रिया शुल्क गिऱ्हाइकाकडून जातं. रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, तोही खर्चच. तुम्ही व्याज मानत असा किंवा नसा, कागदावर काय लिहिलंय ते वाचण्याचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही तुमची आहेत.

काही फायनान्सवाले हप्ता थकला की फोन दुरून बंद करणारं ॲप त्यात बसवतात. म्हणजे ज्या फोनवर रोजगार शोधायचा आणि हप्त्याचे पैसे कमवायचे, तोच कुलूपबंद. सही करण्याआधी हे विचारा. आणि झटपट कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपनं तुमची संपर्क यादी मागितली तर थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपना संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फोटो यांना हात लावायला मनाई आहे. जे ॲप तरीही मागतं, ते उद्या तुमच्या मामूला आणि मुख्याध्यापकांना फोन करून तुमची अब्रू काढणार, हे ओळखा.

घेताना पाच प्रश्न

दुकानात जाण्याआधी हे पाच प्रश्न वहीत लिहा.

एक, या मॉडेलचे सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत? उत्तर दुकानदाराकडून नव्हे, कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. आणि लक्षात ठेवा, ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दीड वर्षापूर्वी आलेला फोन सेलमध्ये स्वस्त मिळतो, कारण त्याच्या आयुष्यातलं दीड वर्ष संपलेलं असतं.

दोन, खरी रॅम किती? ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण ही आज चार-पाच वर्षांसाठी कमीत कमी समजा. ‘व्हर्च्युअल’ सोडून मोजा. साठवण यूएफएस आहे का, तेही बघा.

तीन, स्क्रीन आणि बॅटरी बदलायला किती खर्च? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून आधीच विचारा. ते सेंटर तुमच्या तालुक्यात आहे की ऐंशी किलोमीटरवर, हेही विचारा.

चार, फोनमध्ये आधीच किती ॲप भरलेत, आणि सेटिंगमध्येसुद्धा जाहिराती येतात का? स्वस्त फोनची किंमत काही वेळा तुमच्या नजरेतून वसूल केली जाते.

पाच, कॅमेऱ्याची परीक्षा दुकानातल्या झगमगाटात घेऊ नका. खिशातलं आधार कार्ड काढा, सावलीत धरा आणि फोटो काढा. अक्षरं वाचता आली तर कॅमेरा पुरेसा आहे. वर्षभरात सर्वांत जास्त फोटो कागदपत्रांचेच काढले जाणार आहेत.

सांभाळताना

घेतलेला फोन टिकवणं हा निम्मा व्यवहार आहे. पहिल्या दिवशी कव्हर आणि काच बसवा; दोन-तीनशे रुपयांत तीन हजारांची स्क्रीन वाचते. बॅटरीचा शत्रू उष्णता आहे. पत्र्याच्या खोलीत उशीखाली चार्जिंग, मोटारसायकलच्या हँडलवर भर उन्हात नकाशा, चार्जिंगला लावून गेम, या तीन गोष्टी बॅटरीचं आयुष्य खातात. चांगली बॅटरी साधारण ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर सव्वादोन वर्षं. फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर चालू करा. आणि तिसऱ्या वर्षी बॅटरी मंदावली की फोन टाकू नका, बॅटरी बदला.

व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद ठेवा, निम्मी साठवण ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांनी भरते. सिमला पिन लावा, म्हणजे फोन चोरीला गेला तरी सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून ओटीपी घेता येणार नाही. फोन हरवलाच तर पोलिसांत तक्रार, सिम बंद आणि ‘संचार साथी’वर फोन बंद, याच क्रमानं, त्याच दिवशी. पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात. आणि फोन कोणालाही देताना, घरातल्या घरात देतानासुद्धा, आपलं खातं काढून फॅक्टरी रीसेट करा. बहिणीला फोन द्यायचा आणि त्यात आपलं गूगल खातं ठेवायचं, म्हणजे तिचे फोटो आणि तिचा शोध आपल्यालाही दिसत राहणार. याला काळजी म्हणू नका, ही पाळत आहे.

मागायचं काय

आपण घरात शहाणपणानं वागलो तरी बाजार आपोआप सुधारणार नाही. पावाच्या पाकिटावर तारीख असते. गोळीच्या पाकिटावर असते. फोनच्या डब्यावर किंमत आणि उत्पादनाचा महिना छापावाच लागतो. मग ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ ही एक ओळ छापायला काय हरकत आहे? १८ टक्के जीएसटी भरून आपण फोन घेतो. बारा हजारांच्या फोनमध्ये अठराशेहून जास्त रुपये कराचे असतात. एवढा कर देणाऱ्याला एक तारीख मागता येऊ नये?

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाले. विक्री थांबल्यावरही अपडेट पाच वर्षं, सुटे भाग सात वर्षं, ८०० चार्जनंतरही ऐंशी टक्के राहणारी बॅटरी आणि दुरुस्ती किती सोपी याचा दर्जा थेट लेबलवर. आपल्याकडे विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या तिथेही विकतात. तिथल्या गिऱ्हाइकासाठी जमतं ते इथल्यासाठी का जमत नाही? आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीनं २०२५ मध्ये अहवाल दिला. अहवाल ही सुरुवात असते. तिचा नियम व्हायला मागणारे लागतात.

ही मागणी फक्त गिऱ्हाइकाची नाही. आपल्या मोहल्ल्यांत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलेली किती पोरं आहेत ते मोजा. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्यांना मिळाली तर फोन जगतो, त्यांचा धंदाही जगतो. चिकटवलेली बॅटरी आणि न मिळणारी स्क्रीन यांनी दोघांचंही नुकसान होतं. जो फोन गल्लीतला कारागीर उघडू शकतो, तोच गरिबाचा खरा फोन.

आणि फसवणूक झाली तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. बिल जपून ठेवा, एवढी एकच अट.

पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल तेव्हा सेल्समन मेगापिक्सेल सांगायला लागेल. त्याला मध्येच थांबवा आणि विचारा, ‘अपडेट कुठल्या वर्षापर्यंत?’ त्याला माहीत नसेल. दहा जणांनी विचारलं की तो शोधून ठेवेल. हजार जणांनी विचारलं की कंपनी ते पोस्टरवर लिहील. आणि फोन घेऊन घरी आलात की आणखी एक प्रश्न विचारा, हा स्वतःला: या घरात आज सगळ्यात महत्त्वाचं काम कोणाच्या हातात आहे? नवा डबा त्या हातात द्या.